संसदेच्या संरक्षण समितीला निवेदन द्यायचंय : मागण्या कशा मांडाव्यात, कुठे पाठवाव्यात?

तालुका_सचिव

जय हिंद. आमच्या तालुका माजी सैनिक संघटनेच्या कार्यकारिणीत ठराव झालाय की चार मागण्यांचं एकच निवेदन करून ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला पाठवायचं, आणि प्रती संरक्षणमंत्री, खासदार, मुख्यमंत्री व जिल्हाधिकारी यांना द्यायच्या. मागण्या अशा :

१) एका दिवंगत हवालदारांच्या पत्नीचं वय ८२ पूर्ण आहे, पण पेन्शनच्या नोंदीत ७६ लागलंय. त्यामुळे ऐंशीनंतरची वाढीव कुटुंब पेन्शन सुरू झालेली नाही. ती मिळावी.
२) ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेखाली रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधं दर महिन्याला वेळेवर मिळावीत आणि पॅनेलवरच्या रुग्णालयांची बिलं वेळेत भागवावीत.
३) ७ नोव्हेंबर २०१५ नंतर स्वतःच्या अर्जावरून मुदतपूर्व निवृत्त झालेल्यांनाही वन रँक वन पेन्शन (समान हुद्दा आणि सेवाकाळाला समान पेन्शन) मिळावी.
४) माजी सैनिकांची घरपट्टी सर्व ग्रामपंचायतींनी माफ करावी.

समिती अशा निवेदनाची दखल घेते का? सुनावणीला बोलावते का? खासदारांची सही लागते का? मराठीत लिहिलं तर चालतं का? सेवेतल्या जवानांच्याही सह्या घेतल्या तर वजन पडेल, असं काही सभासद म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

समिती_कक्ष

सचिव साहेब, आधी हे निवेदन फोडा. चार मागण्यांची दारं चार वेगवेगळी आहेत. एकत्र पाठवलंत तर प्रत्येक कार्यालय उरलेल्या तीन मागण्यांकडे बोट दाखवून आपली चौथीही टाळेल.

संरक्षण समितीचं स्वरूप असं. खातेनिहाय स्थायी समित्या एप्रिल १९९३ पासून आहेत. सुरुवातीला १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ खासदार असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. मुदत एका वर्षाची. समितीने काय करायचं ते लोकसभेच्या नियम ३३१-ई मध्ये आहे : खात्याच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे संसदेकडे मागितलेला वर्षाचा खर्च) तपासायच्या, सोपवलेली विधेयकं बघायची, वार्षिक अहवाल बघायचे आणि दीर्घ पल्ल्याच्या धोरणाची जी कागदपत्रं सोपवली जातील ती तपासायची. त्याच नियमात असंही आहे की मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात समितीने पडायचं नाही. तुमची पहिली मागणी इथेच गळते. एका बाईंची जन्मतारीख दुरुस्त करणं हा शंभर टक्के दैनंदिन कारभार.

दुसरी मागणी मात्र समितीच्या अगदी कामाची आहे, कारण ती पैशाची आहे. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या एकूण चार मागण्या असतात : मंत्रालयाचा नागरी खर्च, सेनादलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि पेन्शन. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी होती, त्यातली पेन्शन १,६०,७९५ कोटी. ईसीएचएसला त्या वर्षी ८,३१७ कोटी होते. इथे बरेच जण फसतात, कारण ही ईसीएचएसची रक्कम पेन्शनच्या मागणीत सापडतच नाही. ती सेनादलांच्या महसुली खर्चात, लष्कराच्या प्रधान शीर्ष २०७६ खाली बसते. पेन्शनचं शीर्ष वेगळं, २०७१. निवेदनात 'पेन्शन बजेटमधून औषधांना पैसे द्या' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याने बजेट उघडून पाहिलेलं नाही.

आता वेळ. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो. मग सभागृहांना सुट्टी असते आणि त्या काळात समित्या मागण्या तपासतात. अहवाल साधारण मार्चमध्ये मांडले जातात आणि माजी सैनिक कल्याण, ईसीएचएस, पेन्शन हे विषय त्यांत असतात. म्हणून निवेदन जानेवारीच्या मध्यापर्यंत समितीच्या शाखेत पोचायला हवं. मार्चअखेरीला पोचलेलं निवेदन वर्षभर पडून राहतं. दुसरी संधी पुनर्रचनेनंतर, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, समिती वर्षभराचे विषय ठरवते तेव्हा असते. विषय निवडल्यावर काही वेळा समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. एरवी पाठवलेलं निवेदन वाचलं जाईल, पण उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. सुनावणीला बोलावणं ही सर्वस्वी समितीची मर्जी.

समितीचं वजन किती, तेही माहीत असू द्या. नियम ३३१-एन प्रमाणे अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो, सरकारवर तो बंधनकारक नसतो. मंत्रालयाने तीन महिन्यांत 'कार्यवाही उत्तरं' द्यायची आणि मंत्र्याने अंमलबजावणीबद्दल सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करायचं. उत्तरं आल्यावर समिती दुसरा अहवाल काढते आणि खरा मसाला तिथे असतो. त्यात पाच प्रकरणं असतात. दुसरं प्रकरण सरकारने मान्य केलेल्या शिफारशींचं. तिसऱ्यात सरकारचं उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात समितीला उत्तर पटलेलं नाही अशा. पाचव्यात अंतिम उत्तर यायचंय अशा. तुमच्या विषयाची शिफारस चौथ्या किंवा पाचव्या प्रकरणात सापडली तर निवेदनाची सुरुवात तिथूनच करा : 'समितीच्या अमुक अहवालातील परिच्छेद अमुक याबाबत मंत्रालयाचं उत्तर अपुरं आहे, कारण...' अशा निवेदनाकडे समितीच्या शाखेतला अधिकारी दुर्लक्ष करत नाही, कारण त्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं.

समितीसमोर खात्याला काय काय सांगावं लागतं याचं ठळक उदाहरण मार्च २०१८ चं. अध्यक्ष मेजर जनरल (निवृत्त) भुवनचंद्र खंडुरी होते. लष्कराच्या उपप्रमुखांनी साक्षीत सांगितलं की ६८ टक्के सामग्री जुनाट गटातली आहे, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. आधुनिकीकरणाला २१,३३८ कोटी मिळाले होते आणि आधी झालेल्या १२५ करारांचे देणेच २९,०३३ कोटींचे होते. हे सगळं अहवालात छापून आलं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पुनर्रचनेत अध्यक्षपद खंडुरींकडून कलराज मिश्रांकडे गेलं. यातून ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं. त्या अहवालातले आकडे मात्र अजूनही वाद घालताना वापरले जातात.

पीपीओ_वाचक

पहिल्या मागणीबद्दल मी सांगतो. त्या मावशींना संसदेची काही गरज नाही. एक नोंद दुरुस्त व्हायला हवी, बस.

आधी नुकसान मोजा. वाढीव कुटुंब पेन्शन ८० पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के असते. मूळ कुटुंब पेन्शन किमान ९,००० धरली तरी महिन्याला १,८०० आणि त्यावरचा महागाई दिलासा वेगळा. दोन वर्षांचे नुसते मूळ ४३,२०० रुपये होतात. नोंद तशीच राहिली तर पुढचा प्रत्येक टप्पाही सहा वर्षं उशिरा लागणार.

आता चूक कुठे आहे ते शोधा. जागा तीन असू शकतात : रेकॉर्ड ऑफिसच्या (रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) दप्तरात, पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात), किंवा फक्त स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीच्या प्रोफाइलमध्ये. उपाय प्रत्येक ठिकाणी वेगळा. पीपीओची छायाप्रत काढा आणि त्यात पत्नीची जन्मतारीख आहे का बघा. जुन्या पीपीओत बऱ्याचदा ती नसतेच, नुसतं नाव असतं, आणि नंतर कुणीतरी अंदाजे वय भरलेलं असतं. पीपीओत बरोबर आणि स्पर्शमध्ये चूक असेल तर लॉगिनमधूनच दुरुस्तीची विनंती टाकता येते. लॉगिन जमत नसेल तर स्पर्शच्या सेवा केंद्रात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करून घ्या.

दप्तरातच चूक असेल तर रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड, महार रेजिमेंट असेल तर सागर. तिथे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या शिफारशीसह जाऊ द्या. सोबत आधार, मतदार ओळखपत्र, असल्यास शाळेचा दाखला, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक. पाठवायच्या आधी या सगळ्या कागदांवरची जन्मतारीख एकच आहे का ते बघा. बहुतेक अर्ज इथेच परत येतात : आधारवर १ जानेवारी, मतदार कार्डावर नुसतं वय, दाखल्यावर तिसरंच. आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईने बदलायला जाऊ नका. कोणता कागद सगळ्यात जुना आणि भक्कम आहे ते ठरवून बाकीचे त्याच्याशी जुळवा.

दप्तरात काय लिहिलंय हेच कळत नसेल तर माहिती अधिकारात त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे किंड्रेड रोलची (जवानाच्या कुटुंबीयांची नोंद) आणि विवाहाच्या पार्ट टू ऑर्डरची (विवाहाची युनिटने केलेली अधिकृत नोंद) प्रत मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. लग्नाच्या वेळी नोंदवलेलं वय त्यात सापडलं तर निम्मं काम झालं. तिथून दुरुस्ती झाली की प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून शुद्धिपत्रक पीपीओ निघतो, लोक त्याला कॉर पीपीओ म्हणतात.

पत्र गेलं की लगेच सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवू नका. आधी अर्ज पोचल्याचा पुरावा हाती येऊ द्या आणि तोच तक्रारीला जोडा. ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निवारणाची मुदत २१ दिवस आहे. 'संबंधित कार्यालयाकडे पाठवले' एवढंच लिहून तक्रार बंद केली तर ३० दिवसांत अपील करा. नवी तक्रार टाकू नका, ती पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू होते.

एवढ्यानेही झालं नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. पेन्शनमधली चूक ही चालू राहणारी हानी धरली जाते, त्यामुळे उशीर झाला तरी अर्ज फेटाळला जाईलच असं नाही. पण थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. मावशींचं आत्ता दोन वर्षांचं येणं आहे. कागद फिरवण्यात आणखी दीड-दोन वर्षं गेली तर सुरुवातीचे महिने हातचे जातील. अर्जाची तारीख महत्त्वाची आहे ती याच्यासाठी.

याचिकाकार

तिसरी मागणी वन रँक वन पेन्शनची. इथे स्थायी समितीपेक्षा याचिका समिती बरी, आणि त्याला भक्कम पूर्वदाखला आहे. 'समान हुद्दा, समान सेवाकाळ, तर निवृत्तीची तारीख कोणतीही असो पेन्शन समान, आणि पुढची वाढ जुन्या पेन्शनरांनाही आपोआप' ही व्याख्या राज्यसभेच्या याचिका समितीच्या १९ डिसेंबर २०११ च्या १४२ व्या अहवालातली. अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेच पुढे आपल्याकडे राज्यपाल होते. समितीने मंत्रालयाकडून खर्चाचा आकडाही काढून घेतला : वर्षाला १,३०० कोटी, त्यातले १,०६५ कोटी जवान-जेसीओंचे आणि २३५ कोटी अधिकाऱ्यांचे. खर्च पुढे कितीतरी पट वाढला, पण 'परवडत नाही' या उत्तरासमोर ठेवायला समितीच्या कागदावर एक आकडा आला होता.

मग सरकारी आदेश निघाला ७ नोव्हेंबर २०१५ चा, अंमल १ जुलै २०१४ पासून. त्यात दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती ठरली, म्हणजे 'आपोआप' हा शब्द गळला. त्यावर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १६ मार्च २०२२ ला न्यायालयाने सरकारचं धोरण उचलून धरलं आणि १ जुलै २०१९ पासून फेरनिश्चिती करायला सांगितली. समितीची व्याख्या कायदा ठरत नाही, हे त्या निकालातून पुरतं कळलं. म्हणून याचिका कराच, फक्त अपेक्षा माफक ठेवा.

प्रक्रियेची माहिती. लोकसभेची याचिका समिती १५ जणांची, राज्यसभेची १० जणांची. याचिका रीतसर मांडायची असेल तर त्या सभागृहाच्या एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. आपल्या मतदारसंघाचाच खासदार हवा असं नाही. महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत, त्यांतल्या कुणाकडेही जाता येतं. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत लिहिलीत तर यांपैकी एका भाषेत भाषांतर जोडा आणि त्यावरही सही करा. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, अंगठा असेल तरीही. शेवटी नेमकी प्रार्थना हवी. सह्या एकापेक्षा जास्त पानांवर गेल्या तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ती प्रार्थना पुन्हा लिहायची. कोऱ्या कागदांवर आधी सह्या गोळा करून वर मजकूर चिकटवायची आपल्याकडची पद्धत इथे बाद ठरते. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं याचिकेला जोडायची नसतात.

लोकसभेच्या नियम १६० मधले अडथळे तुमच्यासाठी महत्त्वाचे. विषय सार्वजनिक हिताचा हवा. न्यायालयासमोर किंवा न्यायाधिकरणासमोर असलेला विषय चालत नाही. कायद्याने दाद मागायचा मार्ग उपलब्ध असेल तरी चालत नाही. मुदतपूर्व निवृत्तांच्या प्रश्नावर न्यायाधिकरणांत प्रकरणं गेलेली आहेत. 'अमुक प्रकरणातील अर्जदारांना लाभ द्यावा' असं लिहिलंत की संपलं. फक्त धोरणाबद्दल लिहा.

प्रतिस्वाक्षरी मिळाली नाही तरी मार्ग बंद होत नाही. याचिकेच्या चौकटीत न बसणारी निवेदनंही लोकसभेची समिती अध्यक्षांच्या निर्देशाप्रमाणे बघू शकते. पण निनावी पत्रं आणि दुसऱ्याच कुणाला लिहिलेल्या पत्रांच्या नुसत्या प्रती ती घेत नाही. तुमच्या ठरावात 'प्रत माहितीसाठी' असं चार जणांना जाणार आहे. तशी प्रत समितीकडे गेली तर सरळ दप्तरी दाखल होते. समितीला पाठवायचं असेल तर स्वतंत्र पत्र करा, सभागृहाला किंवा अध्यक्षांना उद्देशून.

तालुका_सचिव

खूप आभार. तिसऱ्या मागणीचा मसुदा आमच्याकडे असा आहे, जरा बघा : 'देशासाठी रक्त सांडणाऱ्या जवानांवर सरकारने घोर अन्याय केला असून मुदतपूर्व निवृत्त सैनिकांना ताबडतोब न्याय द्यावा, अन्यथा संघटना तीव्र आंदोलन छेडेल.'

याचिकाकार

हा मोर्चाचा मजकूर झाला. याचिकेची भाषा संयमी आणि आदरपूर्वक असावी असा नियमच आहे, 'अन्यथा' आलं की छाननीतच अडकेल. दुसरं म्हणजे यात मागणीच नाही. 'न्याय द्यावा' याची अंमलबजावणी कोणता अवर सचिव करणार? असं काहीसं लिहा :

'संरक्षण मंत्रालयाच्या ७ नोव्हेंबर २०१५ च्या पत्रानुसार त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्त होणाऱ्यांना वन रँक वन पेन्शनचा लाभ मिळत नाही. पेन्शनपात्र सेवा पूर्ण केलेल्या, एकाच हुद्द्याच्या आणि एकाच सेवाकाळाच्या दोन सैनिकांत यामुळे केवळ सेवामुक्तीच्या प्रकारावरून फरक होतो. राज्यसभा याचिका समितीच्या १४२ व्या अहवालातील व्याख्येत असा फरक नाही. म्हणून याचिकाकर्त्यांची प्रार्थना अशी की, (क) ही अट ठेवण्यामागचं कारण आणि ती काढल्यास येणारा वार्षिक खर्च मंत्रालयाकडून हुद्देवार मागवावा, (ख) पेन्शनपात्र सेवा पूर्ण केलेल्यांपुरती ही अट वगळण्याची शिफारस करावी.'

प्रार्थना (क) मुद्दाम घातलीय. (ख) नाकारली गेली तरी (क) चं उत्तर छापील स्वरूपात हाती येतं. रक्त, अन्याय, आंदोलन हे पत्रकार परिषदेसाठी राखून ठेवा.

अतारांकित

वरच्या मंडळींचं सगळं बरोबर, पण माझा कल वेगळा आहे. तालुक्याच्या संघटनेने याचिकेत वर्ष-दीड वर्ष घालवण्यापेक्षा खासदाराकडून अतारांकित प्रश्न लावून घ्यावा. आधी आकडे हातात घ्यावेत, मग याचिका लिहावी. आकडे नसलेली याचिका मंत्रालय दोन परिच्छेदांत गुंडाळतं.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितावर सभागृहात पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर येतं. आपल्याला लेखीच हवं, कारण तक्ता जोडून येतो. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात खासदारांच्या स्वीय सहायकाला मसुदा द्या. एकाच दिवसासाठी खूप नोटिसा आल्या की क्रम चिठ्ठीने ठरतो. सगळी भिस्त एका खासदारावर न ठेवता दोन-तीन जणांना थोडा वेगवेगळा मसुदा द्या.

लोकसभेतला प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. मत नको, आरोप नको, विशेषणं नकोत, न्यायप्रविष्ट विषय नको, गोपनीय माहिती मागणारा नको. 'औषधांचा तुटवडा का आहे?' असं विचारलंत तर उत्तर येतं, 'असा तुटवडा नाही. औषधं उपलब्ध नसल्यास स्थानिक खरेदीची तरतूद आहे.' प्रश्न असा लिहा :

'(क) मागील तीन आर्थिक वर्षांत ईसीएचएसमधील औषधांसाठीची अर्थसंकल्पीय तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च वर्षनिहाय किती; (ख) महाराष्ट्रातील प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये वैद्यकीय अधिकारी व औषधनिर्मात्यांची मंजूर आणि भरलेली पदं किती; (ग) महाराष्ट्रातील पॅनेल रुग्णालयांची ९० दिवसांहून जास्त काळ थकलेली देयकं आणि त्यांची रक्कम किती; (घ) त्यासाठी सरकारने कोणती मुदत ठरवली आहे?'

'सुधारित अंदाज' हे शब्द गाळू नका. वर्षाच्या मध्यात पैसे वाढवले की कापले ते तिथेच दिसतं. तरतूद आधीच्या वर्षाची थकबाकी फेडण्यात संपली की जानेवारी-फेब्रुवारीत रुग्णालयांची बिलं पुन्हा तुंबतात आणि कॅशलेस बंद होतं. पॉलिक्लिनिकचे प्रभारी अधिकारी याला काहीही करू शकत नाहीत, त्यांच्याशी भांडून उपयोग नाही.

आता यातली गंमत. उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असं आलं तर नाराज होऊ नका. अशा शब्दांची ठरावीक यादी आहे आणि ते आश्वासन म्हणून नोंदवले जातात. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. नाही केलं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते आणि सरकारी आश्वासन समिती सचिवांना बोलावून विचारू शकते. तीन महिन्यांनी खासदारांकडून त्या समितीला चार ओळींचं पत्र द्या, प्रश्न क्रमांक आणि तारीख घालून. या समितीकडे फारसं कुणी जात नाही, म्हणूनच तिथे दाद लागण्याची शक्यता जास्त.

प्रश्न चिठ्ठीत आलाच नाही तर खासदार लोकसभेत नियम ३७७ खाली आणि राज्यसभेत विशेष उल्लेख म्हणून विषय मांडू शकतात. मजकूर २५० शब्दांच्या आत. मंत्री नंतर खासदाराला लेखी उत्तर पाठवतात.

खासदाराचं नुसतं पत्रही कमी समजू नका. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीप्रमाणे खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि पुढच्या १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मावशींचं प्रकरण रेकॉर्ड ऑफिसमध्ये सहा महिन्यांहून जास्त अडलं तर हे पत्र वापरा. त्यात पीपीओ क्रमांक, सेवा क्रमांक, अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक हवाच. 'माझ्या मतदारसंघातील वयोवृद्ध भगिनी' एवढ्यावर मंत्रालयात कुणाची फाईल काढणार?

घरपट्टी_पानपट्टी

चौथ्या मागणीपुरतं. ही माफी राज्य मंत्रिमंडळाने २०२० मध्ये मंजूर केलेली आहे, दिल्लीचा काही संबंध नाही. राज्यात एकाच घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. घराचा उतारा वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ग्रामसेवक अडवतो, बहुतेक तक्रारींचं मूळ तेवढंच असतं. आठ-अ बघा, नाव लावून घ्या, मग अर्ज करा. ग्रामपंचायत शासन निर्णय मानतच नसेल तर गटविकास अधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तरीही नाही झालं तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, किंवा आमदारांकडून तारांकित प्रश्न.

तालुका_सचिव

निवेदन फोडायचं नक्की केलं. सेवेतल्या जवानांच्या सह्यांबद्दल कुणी बोललं नाही. आणि आमचे एक सभासद विचारतात की जर्मनीत म्हणे जवान थेट संसदेच्या अधिकाऱ्याला पत्र लिहितो, तसं आपल्याकडे काही आहे का?

समिती_कक्ष

सेवेतल्या एकाचीही सही घेऊ नका. लष्कर कायदा १९५० च्या कलम २१ खाली संघटना, सभा, प्रसिद्धी यांवर बंधनं घालायचा अधिकार आहे आणि त्याला घटनेच्या कलम ३३ चा आधार आहे. तुमच्या याचिकेला एका सहीने काही फायदा होणार नाही, त्या पोराला मात्र कमांडिंग ऑफिसरसमोर उभं राहावं लागेल. सेवेतल्या जवानाची वैयक्तिक तक्रार त्याच कायद्याच्या कलम २६ खाली वरिष्ठांमार्फत जाते, अधिकाऱ्यांची कलम २७ खाली. सेवाविषयक बाबींत पुढची पायरी न्यायाधिकरण. सेवेतल्यांच्या बायकांच्या नावाने सह्या घ्यायची कल्पना कुणीतरी काढेलच. त्याही नकोत, हा विषय निवृत्तांचा आहे आणि तुमचे निवृत्त सभासद पुरेसे आहेत.

जर्मनीत आहे हे खरं. त्यांच्या मूलभूत कायद्याच्या कलम ४५-ब खाली संसदेने निवडलेला सेनादल आयुक्त असतो. कोणताही सैनिक वरिष्ठांना मधे न घालता त्याला लिहू शकतो आणि आयुक्त दरवर्षी संसदेला अहवाल देतो. आपल्याकडे असं पद नाही. आपल्याकडे संसदेची देखरेख चालते ती पैसा, प्रश्न आणि याचिका यांतून, आणि खर्चाच्या बाबतीत महालेखापरीक्षकांच्या अहवालांवर लोकलेखा समिती बसते. तिथेही मंत्रालयाच्या हातात एक पत्ता असतोच : राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं कारण देऊन नियम २७० खाली कागद द्यायला नकार देता येतो. औषधं आणि पेन्शन यांना हे कारण लागू करणं कठीण. त्यामुळे माजी सैनिकांच्या विषयात उत्तर मिळण्याची शक्यता शस्त्रखरेदीपेक्षा बरीच जास्त असते.

पीपीओ_वाचक

सचिव साहेब, बाकीचं निवांत करा, पण मावशींचा अर्ज या आठवड्यात स्पीड पोस्टाने जाऊ द्या. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला करताना आधारची जन्मतारीख आणि नोंदीतली तारीख यांतली तफावत कुणाच्या नजरेला आली तर आधी खुलासा मागतील. अर्जाची पोच हातात असली की तीच दाखवता येते.

तालुका_सचिव

पीपीओ आज काढून बघितला. पत्नीच्या रकान्यात फक्त नाव आहे, जन्मतारीख नाही. डिस्चार्ज बुकमध्ये लग्नाची तारीख आहे. उद्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातोय, माहिती अधिकाराचा अर्ज बेळगावला पाठवतो. ईसीएचएसचा प्रश्न आणि याचिका यांचे मसुदे कार्यकारिणीत मंजूर झाले की इथेच टाकतो.

अतारांकित

प्रश्नाचा मसुदा इथे टाकण्याआधी खासदारांच्या कार्यालयात द्या. आणि (ग) मध्ये '९० दिवस' बदलू नका. 'बरीच देयकं' असं लिहिलं की उत्तरातही 'काही देयकं' एवढंच येतं.